हर्सूलचं यरीहो

पन्नाशीला टेकलेल्या माणसानं पहाटे उठून सख्ख्या भावाच्या घराला फेरी मारावी आणि मारता मारता मोबाइलवर मेंढ्याचं शिंग वाजवावं, याला काय म्हणायचं ते वच्छलाबाईला सुचत नव्हतं. तिला काही सुचत नाही असं फार क्वचित व्हायचं, त्यामुळं तर डोकं जास्तच उठलं होतं.

आपला लेक राजेंद्र आधी असा नव्हता, असं म्हणून मनाची समजूत घालता आली असती. पण खोटं कशाला बोला. तो असाच होता. लहानपणी संडे स्कूलच्या नाटकात त्याला दावीद केलं, तर पठ्ठ्यानं गोफणीत कागदाच्या बोळ्याऐवजी खडा घातला. समोर राक्षस गल्याथ झालेल्या पोराच्या कपाळाला टाके पडले आणि त्या पोराच्या आईनं पुढचा नाताळ येईस्तोवर वच्छलाबाईला सलाम केला नाही.

आताचं भांडण एका भिंतीचं होतं. हर्सूलला जेलच्या मागच्या वस्तीत धोंडिबांनी, म्हणजे वच्छलाबाईच्या मालकांनी, प्लॉट घेतला. दोन लेकांना दोन घरं बांधून दिली, मधलं अंगण दोघांत मोकळं ठेवलं आणि ते प्रभूकडं गेले. थोरला राजेंद्र, धाकटा शांतवन. वच्छलाबाई राहायची थोरल्याकडं, पण अंगण एक होतं तोवर ती कुठं राहते हे कुणी विचारतच नव्हतं. भाकरी इकडं, चहा तिकडं.

मग राजेंद्रनं जुनी गाडी घेतली. चार चाकं आली तशी त्याच्या पायातली ताकद गेली. कोपऱ्यावरून दूध आणायचं तरी गाडी काढू लागला. एक दिवस गाडी मागं घेताना ती त्यानं धाकट्या सुनेच्या, मोनिकाच्या, पाण्याच्या ड्रमावर घातली. ज्या वस्तीत नळाला आठवड्यानं पाणी येतं तिथं भरलेला ड्रम म्हणजे काय, हे सांगायला नको. ड्रम फुटला, पाणी गल्लीत वाहत गेलं. राजेंद्रनं काच खाली करून काय म्हणावं? "ड्रम ठेवायची जागा हाय का ही?" आणि गेला निघून. चुकलं हा शब्द त्याच्या तोंडून त्या दिवशी निघाला नाही, नंतरही नाही.

मोनिका काही बोलली नाही. ती बोलली असती तर बरं झालं असतं. महिनाभरानं गवंडी आला आणि अंगणाच्या मधोमध पुरुषभर उंच भिंत उभी राहिली. राजेंद्रची गाडी बाहेर लिंबाखाली गेली, कावळ्यांच्या ताब्यात. वच्छलाबाईला राग आला तो याचा, की सुनेनं भिंत घालताना सासूला विचारलं नाही. त्या दिवसापासून ती मोनिकाच्या उंबऱ्याला शिवली नाही. न बोलावता जायला ती काय लाइटचं मीटर बघायला येणारी होती?

यातही दिवस निघाले असते. पण जालना रोडवरच्या एका मंगल कार्यालयात संजीवन सभा झाली. बाहेरगावच्या प्रचारकानं विचारलं, तुमच्या जीवनात कोणती भिंत उभी आहे? यहोशवाच्या लोकांनी शिंगं फुंकत यरीहो गावाला फेऱ्या मारल्या आणि गावाची भिंत पडली, तशा मारा. सहा दिवस एकेक, सातव्या दिवशी सात, आणि मग जयघोष. भिंत पडलीच पाहिजे. लोकांनी आपापलं आजारपण, नोकरी, नवऱ्याची दारू मनात आणली. राजेंद्रनं विटांची भिंत मनात आणली.

सोमवारपासून सुरू झालं. पांढरा शर्ट, बगलेत पवित्र शास्त्र, हातात मोबाइल, मोबाइलमध्ये शिंग. भिंतीला फेरी मारायची तर शांतवनच्या अख्ख्या घराला मारावी लागे; गल्लीनं जायचं, मागच्या बोळातून वळून परत यायचं. पहिल्या दिवशी कुत्री मागं लागली. दुसऱ्या दिवशी समोरचे कडुबा जोडीनं चालू लागले. त्यांना वाटलं, हा शुगरसाठी चालतोय.

"चालणं लई चांगलं," कडुबा म्हणाले. "पण शिंग कशाला?"

"देवाला उठवायला," वच्छलाबाई दारातून म्हणाली. "तोबी एरवी ह्याच्यासारखा उशिरा उठत असंल."

चहाला बसल्यावर तिनं विषय काढलाच. "राज्या, हे बंद कर."

"आई, शास्त्रात लिहिलंय."

"शास्त्रात दावीदानं दुसऱ्याची बायको घरात आणली तेबी लिहिलंय. आणतो का?"

थोरली सून रूपा चहा गाळत होती, तिनं मान वर केली.

"तू दुसरीपर्यंत शिकलेली, आई. ह्याच्यात पडू नको. हे आत्मिक युद्ध हाय."

"आत्मिक म्हणं. गाडी आत लावायचीय तुला."

राजेंद्रनं बिस्किट बुडवलं. बिस्किट तुटून कपात पडलं. वच्छलाबाईला तेवढंच बरं वाटलं.

शनिवारी मात्र तिच्या पायाखालचं सरकलं. शांतवन चितेगावच्या कंपनीतून आला आणि गल्लीतच तिच्यापाशी थांबला. गाडीवरून उतरलासुद्धा नाही.

"आई, चितेगावला खोली बघितली आम्ही. घर विकतोय. उद्या दुपारी एक जण बघायला येणार हाय."

"कुणाला विकतो?"

"घेईल त्याला."

"आन् मी?"

"तू दादाकडं हायेस की. भिंत झाल्यापासून तू कधी आली आमच्याकडं?" त्यानं हेल्मेट काढलं आणि पुन्हा घातलं. "तो रोज सकाळी घराला घेरा घालतो. मोनिका झोपत नाय. उद्या प्रेअर ग्रुप घेऊन येणार म्हणं, ओरडायला. माझा हात उठला तर मग मला बोलू नको."

धाकटा रागावून बोलला असता तर तिनं त्याला ऐकवलं असतं. पण तो थकून बोलत होता. थकलेला माणूस जातो, हे तिला ठाऊक होतं.

ती तशीच चर्चच्या पाळकसाहेबांकडं गेली. पाळकसाहेब म्हणाले, दोन्ही बाजू ऐकून घ्याव्या लागतील, कमिटीपुढं ठेवू. "कमिटीत दोघंबी हायेत," ती म्हणाली, "आन् तिथं काय कमी लढाया हायेत?" सलाम करून उठली.

घरी येऊन भाकरीला बसली. भाकरी थापताना तिला नेहमी धोंडिबांचा आवाज आठवायचा. ते चुलीपाशी बसून शास्त्र वाचायचे, ती थापत ऐकायची. तिचं शास्त्राचं सगळं शिक्षण ते तेवढंच. यरीहोची भिंत पडली की तिची भाकरी करपायची, कारण पुढं काय येणार ते माहीत असायचं. यहोशवाचे लोक आत शिरले आणि त्यांनी कुणालाच जिवंत ठेवलं नाही. बाया, पोरं, म्हातारे, गुरंढोरंसुद्धा. एकदा तिनं विचारलं होतं, देवानं असं कसं सांगितलं हो? धोंडिबा म्हणाले, मला नाय उलगडत. मी येशूला समोर बसवतो आन् त्याच्या तोंडाकडं बघत बघत त्याच्या मागचं, जुन्या करारातलं वाचतो. जिथं त्याचं तोंड उतरतं तिथं आपण टाळ्या वाजवायच्या नाय.

त्या मारलेल्या गावात एकच घर वाचलं होतं. धंदा करणाऱ्या राहाबेचं. तिनं यहोशवाचे हेर लपवले होते; त्यांच्याशी ठरल्याप्रमाणं तिनं खूण म्हणून खिडकीला लाल दोरी बांधली आणि आईबाप, भाऊ सगळे आत घेऊन बसली.

रविवारी उजाडायच्या आत वच्छलाबाईनं उशी काखेत मारली, गोळ्यांचा डबा घेतला, ट्रंकेतला एक लाल ब्लाउजपीस घेतला आणि मोनिकाच्या दारात जाऊन उभी राहिली. बेलपर्यंत हात गेला आणि खाली आला. एवढ्या महिन्यांत कुणी या म्हटलं नव्हतं, आणि आजही म्हणणार नव्हतं. तिनं दात आवळले आणि बेल दाबली.

मोनिकानं दार उघडलं. सासू बघितली, उशी बघितली.

"भावजींनी घराबाहेर काढलं का?"

"मला कोण काढतंय. आत घेतीस का इथंच झोपू?"

मोनिका बाजूला झाली. वच्छलाबाई थेट खिडकीपाशी गेली आणि लाल कापड गजांना बांधू लागली. मोनिका बघत राहिली. संडे स्कूल तिनंही केलं होतं.

"आई, राहाब कोण होती ठाऊक हाय ना तुम्हाला?"

"हाय. माझं वय गेलं आता त्या धंद्याचं. नुसती दोरी घेतलीय तिची."

मोनिका हसली नाही, पण आत जाऊन तिनं खुर्ची आणली आणि खिडकीपाशी ठेवली. "भिंत मी सांगून घालायला पाहिजे होती," ती खुर्चीकडं बघत म्हणाली.

"व्हय. पाहिजे होती. चहा ठेव."

तेवढ्यात शिंग वाजलं. पुढं राजेंद्र, मागं ग्रुपमधले चार ब्रदर, त्यांच्या मागं पांढरे बूट घालून कडुबा. दोन फेऱ्या तशाच गेल्या. तिसऱ्या फेरीला राजेंद्रनं खिडकीकडं बघितलं. लाल कापड, गज, आणि गजामागं आईचं तोंड. तो थांबला तसे सगळे थांबले. शिंग तेवढं वाजत राहिलं.

"आई, तू तिथं काय करती?"

"यरीहोत राहायला आलेय."

"मस्करी नको. बाहेर ये. अजून फेऱ्या राह्यल्यात."

"मार की. कोण अडवतंय? फक्त भिंत पडल्यावर पुढचं काय करणार तेवढं सांग."

"पुढचं काय? काय नाय."

"शास्त्रात तर लिहिलंय. बगलेत कशाला धरलंय, उघड. भिंत पडल्यावर आत शिरून काय केलं ते ह्या लोकांना वाचून दाखव."

राजेंद्रनं पुस्तक उघडलं नाही. एका ब्रदरनं आपल्या मोबाइलवर अध्याय काढला आणि आज्ञाधारकपणे वाचायला लागला. बायांपर्यंत आला, पोरांपर्यंत आला, म्हाताऱ्यांपाशी त्याचा आवाज बसला.

"म्हातारे हायेत ना त्यात?" वच्छलाबाई म्हणाली. "बरं मग. मी बसलेय. तुझा भाऊ आत हाय. भावजय चहा ठेवतीय. या."

शांतवन दारात आला होता. त्याची मूठ आवळलेली तिला दिसली. "दादा, जा इथून," तो म्हणाला.

"शांतवन, तू गप. घर विकणाऱ्यानं मधी बोलू नये. दुपारी येणाऱ्याला सांग, घरात एक म्हातारी हाय, ती घराबरोबर घ्यावी लागंल. बघू किती देतो."

"येशूबी म्हणला होता," राजेंद्र गल्लीतून म्हणाला, आता जरा चढ्या आवाजात. "मी शांती नाय, तलवार घेऊन आलोय. लिहिलंय तसं."

"लिहिलंय. घरच्यांनी मला सोड म्हटलं तरी सोडू नका, म्हणून म्हणला तो. तुला कोण म्हणतंय येशूला सोड? बागेत त्याच्या चेल्यानं, पेत्रानं, खरी तलवार काढून एकाचा कान तोडला तवा काय म्हणला? म्यानात घाल. ज्याचा कान तुटला होता त्याचा कान बसवून दिला, आन् तो माणूस त्यालाच धरून न्यायला आलेला."

ब्रदर लोक एकमेकांकडं बघायला लागले. एक जण म्हणाला, उपासनेची वेळ झालीय, ब्रदर. दुसऱ्यानं राजेंद्रच्या खांद्यावर हात ठेवल्यासारखं केलं आणि काढून घेतला. चौघं गल्लीच्या तोंडाकडं निघाले.

"आजचं झालं का?" कडुबांनी विचारलं. मग तेही त्यांच्या मागं गेले.

राजेंद्र एकटा उरला. त्यानं शिंग बंद केलं. खिडकीपाशी आला, गजाला हात लावला. तोंड त्या नाटकातल्या दिवसासारखं झालं होतं, टाके घातलेल्या पोराला बघताना झालं होतं तसं.

"भिंत तिनं घातली, आई. मी नाय घातली. मग देव कुणाच्या बाजूनं हाय?"

"यहोशवानंबी हेच विचारलं होतं. यरीहोच्या बाहेर एक जण उपसलेली तलवार घेऊन उभा होता, देवाकडचा. यहोशवा म्हणला, तू आमच्याकडचा का त्यांच्याकडचा? तो म्हणला, नाय."

"नाय म्हणजे?"

"म्हणजे नाय. कुणाच्याच खिशातला नाय. यहोशवा तिथं दंडवत घालून पालथा पडला. तू शिंग डाऊनलोड केलं."

आतून कपबश्यांचा आवाज आला. शांतवन दाराच्या चौकटीला टेकून उभा होता, अजून आत गेला नव्हता. राजेंद्रनं त्याच्याकडं बघितलं आणि पुन्हा आईकडं.

"मग मी आता काय करू?" तो म्हणाला.

वच्छलाबाई खुर्चीत सरळ बसली. दुसरीपर्यंत शिकलेल्या बाईला कुणी आपण होऊन विचारावं असं रोज घडत नाही.

"ऐक. येशूबी यरीहोला गेला होता. त्यानं फेरी मारली नाय. गावातला सगळ्यात लबाड माणूस झाडावर चढून बसला होता, त्याला म्हणला खाली उतर, आज तुझ्या घरी उतरायचंय मला. गाव कुरकुरलं. तो गेला. मोनिका वाईट हाय असं धर, शांतवन मूर्ख हाय असं धर, तरी तुला जायचंय ते आतच. तू लढाई हरला नाहीस, राज्या. ही लढाईच नव्हती. तू थोरला हायेस आन् तुझं चुकलंय, एवढंच हाय हे. चपला दारात काढ, मोनिकाला चुकलं म्हण आन् तिच्या हातचा चहा पी. चहा निवायच्या आत आलास तर माझा लेक. नाय आलास तरी लेकच राहशील, ते काय माझ्या हातात नाय. पण मग आज चर्चमध्ये भावाशी वैर ठेवून प्रभुभोजनाची भाकर घ्यायला माझ्या शेजारी उभं राहायचं नाय."