तासाभराचा ठणठणीत

तासभर तो चांगला असायचा. सगळी पंचाईत तिथेच होती.

चांगला म्हणजे अगदी झकास. दाढी गुळगुळीत, गुंड्या गळ्यापर्यंत, पाठ ताठ. सैन्यात वीस वर्षं काढलेला माणूस, चार लोकांपुढे कसं बसायचं हे त्याला कुणी शिकवायला नको. सात वर्षांपूर्वी स्फोटात डावा पाय गुडघ्याखाली गेला, ते लोकांना दिसायचं. डोक्यातलं जे गेलं ते एकट्या बायकोला माहीत. गॅस चालू ठेवून घराबाहेर पडणं, आपल्याच गल्लीत हरवणं, बाथरूमच्या कोपऱ्यात बसून थरथरणं, आणि दुसऱ्या दिवशी यातलं काहीही न आठवणं.

दीर तीन महिन्यांतून एकदा यायचा. पाऊण तास बसायचा, भावाच्या पाठीवर थाप मारायचा आणि निघताना म्हणायचा, "वहिनी, दादा ठणठणीत आहे की. तुम्हीच उगाच टेन्शन घेता." एक नमुनाच होता तो. त्याची पाठ वळली की त्याचा ठणठणीत दादा दोन दिवस भिंतीकडे तोंड करून पडायचा. ते बघायला कोण होतं? सुरुवातीला ती लोकांना सांगायची. मग ऐकणाऱ्यांचे चेहरे बघून तिनं सांगायचं सोडलं, आणि हळूहळू लोकांनीही विचारायचं सोडलं.

पूर्वी ती चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवायची. हात इतका सफाईदार, की अवघड काच आली की मालकीणबाई तिलाच हाक मारायच्या. त्यांचाच परवा निरोप आला होता: आठवड्यातून तीन दुपारी ये, पण एक तारखेच्या आत कळव. तीन दुपारी! त्या दुकानात यंत्राच्या घरघरीतही कुणीतरी "जेवलीस का गं?" म्हणून विचारायचं. सात वर्षांत तिला हे कुणी विचारलं नव्हतं. खरं सांगायचं तर तिला त्या तीन दुपारी तेवढ्यासाठीच हव्या होत्या.

पण ती गेल्यावर त्याच्याजवळ थांबणार कोण? जखमी सैनिकांच्या घरच्यांसाठी जे कार्यालय होतं, तिथून मदतनीस मिळायचा, पण घरी येऊन तपासणी केल्यावर गरज दिसली तरच. गेल्या वर्षी तपासनीस बाई चाळीस मिनिटं बसल्या आणि 'गरज नाही' असं लिहून गेल्या. चाळीस मिनिटांत दुसरं काय दिसणार, कपाळ? या वेळी तिनं मनाशी पक्कं केलं होतं. काही झालं तरी बाईंना तासाच्या आत उठू द्यायचं नाही.

बाई दहाला आल्या. तोवर त्यानं कॅलेंडर तीनदा बघून घेतलं होतं, त्यामुळे तारीख, वार फटाफट सांगितला.

"कपडे तुमचे तुम्ही घालता?"

"हो, मॅडम."

गुंड्या तिनं लावल्या होत्या. त्याच्यासमोर ते बोलायला तिची जीभ रेटेना.

मग त्यानं छावणीतल्या आचाऱ्याचा किस्सा सांगितला. मीठ समजून त्या पठ्ठ्यानं सूपमध्ये साबणाचा चुरा टाकला आणि सगळी तुकडी दिवसभर फेस काढत फिरत होती. बाई खळखळून हसल्या. तीही हसली. असा हसवणारा नवरा तिला गेले कित्येक दिवस भेटला नव्हता, तो आज परक्या बाईंना भेटत होता.

पंचावन्न मिनिटं झाली आणि त्यानं उजवा कान चोळला.

हे दोघांनी कधी बोलून ठरवलेलं नव्हतं. पाहुण्यांसमोर त्याचा तोल जायला लागला की तो कान चोळायचा, मग ती म्हणायची, "अहो, औषधाची वेळ झाली," आणि पाहुणे उठायचे. सात वर्षांत ती एकदाही चुकली नव्हती.

बाई फाईल मिटत होत्या.

"अजून अर्धा कप चहा घ्या ना," ती म्हणाली.

त्यानं पुन्हा कान चोळला आणि तिच्याकडे पाहिलं. ती किटलीकडे बघत राहिली.

त्यानं आचाऱ्याचा किस्सा पुन्हा सांगितला. अगदी शब्द न् शब्द तोच. बाई हसल्या, पण जरा बेतानं. तिसऱ्यांदा सुरू केला तेव्हा आचाऱ्याचं नावच त्याला आठवेना. कपाळावर घाम आला. हातातला कप सुटला आणि फरशीवर फुटला.

पुढच्या क्षणी तो टेबलाखाली होता. "मॅडम, डोकं खाली," तो हळू आवाजात म्हणाला. मग बायकोचं मनगट धरून त्यानं तिला खाली ओढलं आणि तिच्या डोक्यावर दोन्ही हात धरले. कुठलंही छप्पर कोसळत नव्हतं, पण ते तो स्वतःच्या अंगावर घ्यायला तयार होता. तिचा कान त्याच्या छातीला टेकला होता. आत नुसती धडधड चालली होती.

बाईंनी फाईल पुन्हा उघडली.

दारात त्या म्हणाल्या, "तीन दुपारी मदतनीस मिळेल. मी आजच अहवाल पाठवते. पण तुम्ही आधी का नाही बोललात?"

"बोलले होते," ती म्हणाली.

बाई गेल्या. ती दाराला पाठ लावून उभी राहिली. तिला स्वतःची लाज वाटत होती. आणि खोटं कशाला बोला, आनंदही झाला होता, आणि त्याचीही लाज वाटत होती. हे जाऊन सांगावं असं तिला एकही माणूस आठवेना.

आत तो पलंगावर पडला होता. तिनं त्याचा कृत्रिम पाय सोडवला, शर्टाच्या गुंड्या काढल्या.

"पास झालो ना?" त्यानं विचारलं.

"झालात."

"शेवटचं काही आठवत नाही बघ." त्यानं तिचा हात शोधून घट्ट धरला. "पण तू सांभाळून घेतलं असशील."

"हो," ती म्हणाली.