राजीखुशीचा अर्ज

तुम्ही दर्शना परबची फी-सवलत बंद केलीत. तिला बोलावलं नाहीत, काही विचारलं नाहीत. संगणकावर 'अपात्र'वर टिचकी मारलीत आणि डबा उघडून जेवायला बसलात. एका अर्जामुळे केलंत म्हणता ना? मग तो अर्ज लिहायला लावणाऱ्या म्हाताऱ्याचं जरा ऐकून घ्या.

कुशाबा परब सोळाव्या वर्षी कणकवलीहून लालबागला आला आणि सतरा वर्षं गिरणीत राबला. आधी कांड्या भरायच्या खात्यात, मग साचाखात्यात, म्हणजे कापड विणायच्या मागांवर, शेवटी घडीखात्यात. साचाखात्यावर त्याचा खरा जीव. चारशे साचे एकदम धडधडायचे. तिथे ओरडून उपयोग नसायचा, माणसं एकमेकांचे ओठ वाचायची. जॉबरने, म्हणजे मुकादमाने, चार रांगा पलीकडून आई-बहीण काढली तरी कुशाबाला कळायचं, आणि तो इथून तेवढंच सव्याज परत करायचा. कापसाची भुकटी भुवयांवर, हातात तुटलेल्या सुताचं टोक, आणि सुटी होऊन बाहेर पडल्यावरही तासभर कानात तीच धडधड. अजून कधी दुपारी डोळा लागला की त्याची बोटं गाठ मारल्यासारखी हलतात.

दर्शना ही त्याची नात. लहानपणी तिला तो परळला, गिरणीच्या जागी झालेल्या एका काचेच्या टॉवरसमोर उभं करायचा.

"ते एटीएम दिसतंय? तिथे माझा साचा होता."

"मग पैसे तुमचेच आजोबा. काढा ना!"

बारावीनंतर सगळ्यांनी सांगितलं म्हणून पोरगी कॉम्प्युटर इंजिनियरिंगला गेली. कॉलेजची फी सरकार भरत होतं. वर्ष पासही झाली. पण त्याच कॉलेजात टेक्स्टाइलची प्रयोगशाळा होती, आणि तिथला साचा बघायला ती तास बुडवून जायला लागली.

"आजोबा, मला टेक्स्टाइलला जायचंय."

"येडी काय तू? गिरण्या गेल्या!"

"गिरण्या गेल्या. लोक कपडे घालायचे थांबले का?"

कुशाबा हसला. खरं तर आतून फुलून आला. "खातंच बदलायचंय ना? सोपं आहे. कागद घे, लिही. मी राजीखुशीने हा अभ्यासक्रम सोडत आहे. माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही."

गिरणीत असंच चालायचं. जुन्या खात्याच्या मास्तरला हा कागद दिला की दुपारी नव्या खात्यात उभं राहायचं. हजेरीचा तिकीट नंबर तोच, नोकरी अखंड. कागदावर राजीखुशी हवीच, कारण भांडून आलेला माणूस कुठला जॉबर घेणार?

कॉलेजने अर्ज घेतला, शिक्का मारला, टेक्स्टाइलला प्रवेशही दिला. चार महिन्यांनी फी-सवलतीच्या सरकारी पोर्टलवर उत्तर आलं. विद्यार्थिनीने पहिला अभ्यासक्रम स्वेच्छेने सोडला आहे, दुसऱ्याची फी मिळणार नाही. शुक्रवारपर्यंत सगळी फी भरा, नाहीतर प्रवेश रद्द. दर्शनाच्या बापाच्या पगारात ते बसणारं नव्हतं.

रखमा, कुशाबाची बायको, गॅसवरचं उतरवताना उसळली. "मिल बंद पडान चाळीस वर्सां झाली, नि नातीक मिलचो अर्ज लिवक लावतास!"

"आजी, त्यांना नको बोलूस," दर्शना म्हणाली. "सही माझी आहे."

रखमाचं बोलणं त्याने पचवलं असतं. हे पचलं नाही.

गुरुवारी सकाळी आजोबा आणि नात कॉलेजच्या फी-सवलतीच्या खिडकीवर. कुशाबाने प्लॅस्टिकच्या पिशवीतून गिरणीचं जुनं कार्ड काढून आतल्या बाईंपुढे धरलं.

"हे बघा बाई. खाती तीन. नोकरी एक."

"काका, हे म्युझियममध्ये द्या. पोर्टल असलं काही बघत नाही."

"मग कोण बघतं?"

"वर विचारा."

"वर म्हणजे कुठे?"

बाईंनी काच ओढून घेतली आणि त्या शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याशी बोलू लागल्या. आत एसी घोंघावत होता, बाहेर रांग कलकलत होती. ऐकू काहीच येत नव्हतं. कुशाबाला ऐकायची गरजही नव्हती. तो ओठ बघत होता.

*अभ्यासक्रम बदलायचा फॉर्म होता आपल्याकडे. तो भरला असता तर फी चालू राहिली असती. अर्ज घेताना कोणी दिलाच नाही. आता कबूल केलं तर आपल्यावर शेकेल.*

कुशाबाने काचेवर बोटाने ठोकलं. खिडकी वीतभर उघडली.

"बाई, आता त्यांना म्हणालात ते इकडे तोंड करून म्हणा."

"काय म्हणाले मी?"

त्याने चारही वाक्यं म्हणून दाखवली. शब्दाला शब्द. मागची रांग पुढे सरकून ऐकायला लागली. बाईंचा हात काचेवर तसाच राहिला.

दर्शनाने वहीतला कोरा कागद फाडला. कुशाबाचं तोंड उघडलं, त्याने ते मिटून घेतलं. या वेळी तिने स्वतःच्या मनाने लिहिलं, सही केली आणि कागद आत सरकवला. त्यात राजीखुशी नव्हती. तक्रार होती.

"शिक्का मारा," कुशाबा म्हणाला. "फॉर्म होता तर पोरीला का दिला नाहीत? उद्या शुक्रवार आहे. उत्तर आज पाहिजे, आणि लेखी पाहिजे."