प्रसादाचं वजन

मुक्ताबाईच्या हातचा प्रसाद गावात कुणी कधी नाकारला नव्हता. दर रविवारी भैरवनाथाची आरती झाली की ती डबा उघडून रव्याचे लाडू वाटायची. उपासवाले लाडू पदराच्या टोकाला बांधून न्यायचे, शुगरवाले कणभर मोडून जिभेवर ठेवायचे, पण हात पुढं यायचाच. त्या रविवारी मात्र बायडाबाईनं आपल्या तरण्या पोराचा पुढं आलेला हात मनगटाला धरून मागं ओढला.

"नगं बाई. आमच्या ओमची परवा कोपरगावात कुस्ती हाय. तुझा लाडू खायचा अन् काट्यावर वजन वाढायचं. तुझ्या लेकाचा पट्टा गेला, आमची कुस्ती तरी ऱ्हाऊ दे."

आजूबाजूच्या बायका पदरात तोंड घालून हसल्या. मुक्ताबाईला काही उमगेना. लेकाचा, समर्थचा, बॉक्सिंगमधला चॅम्पियनचा पट्टा गेला हे तिला शुक्रवारीच कळलं होतं. पण त्यात तिच्या लाडवाचा काय संबंध?

"माझ्या लाडवानं काय केलं गं?"

"घ्या! सगळ्या जगाला ठावं हाय अन् हिलाच न्हाई."

बायडाबाई तशी दुष्ट नव्हती. बोलून गेली आणि मुक्ताबाईचा चेहरा बघून तिचीच जीभ अडखळली. पण ओमचा हात काही तिनं सोडला नाही. त्या दिवशी डबा अर्धा भरलेलाच घरी परत आला.

समर्थ मुक्ताबाईचा एकुलता एक. तो आठ वर्षांचा असताना ऊस भरलेली ट्रॉली उलटली आणि बाप गेला. नणंद नवऱ्याबरोबर इंग्लंडात लेस्टरला होती, तिला मूलबाळ नव्हतं. दिवसकार्याला आली आणि म्हणाली, "वैनी, ह्याला मला दे. शिकवीन, मानसात आनीन." मुक्ताबाईनं दोन दिवस नाथाच्या पायरीवर बसून काढले आणि मग पोर दिलं. कागदावर सह्या करून, रीतसर दत्तक दिलं. पोर मात्र आत्याला आत्याच म्हणत राहिलं. आई एकच, ती गोदावरीकाठी राहणारी.

तिकडच्या शाळेत गोरी पोरं त्याला छळायची. आत्याच्या नवऱ्यानं एक दिवस त्याला मागच्या गल्लीतल्या बॉक्सिंगच्या तालमीत नेऊन सोडलं. पुढचं सगळं मुक्ताबाईनं फोनवर पाहिलं. आधी पोरांच्या स्पर्धा, मग मोठ्यांच्या. एकदा उजवा हात मोडला, तेव्हा वर्षभर तो घरी बसून होता आणि रोज आईला फोन करून रडायचा. हात बरा झाला, पोरगं पुन्हा उभं राहिलं, आणि पोटात मारायचा त्याचा डावा ठोसा असा काही बसू लागला की समोरचा गुडघ्यावरच यायचा. दोन वर्षांपूर्वी तो ब्रिटनचा मिडलवेट चॅम्पियन झाला. तेव्हा तिच्या धाकट्या दिरानं, सहादेवनं, वेशीवर हे मोठं फ्लेक्स लावलं होतं आणि डीजेच्या दणदणाटानं शेजारच्या म्हशीनं दूध चोरलं होतं. पट्टा त्यानं दोनदा राखला. हे तिसऱ्यांदा.

मिडलवेट म्हणजे साडेबहात्तर किलो. त्याच्या वर तोळाभर चालत नाही. समर्थचं एरवीचं वजन ऐंशीच्या पुढं, त्यामुळे दर लढतीआधी त्याला उतरावं लागायचं. आधी भाकरी जायची, मग मीठ, शेवटी पाणीसुद्धा. पहिल्या पहिल्यांदा मुक्ताबाईला हे ठाऊक नव्हतं. कुणीतरी लंडनला निघालं होतं, त्याच्या हाती तिनं लाडवांचा डबा धाडला. समर्थनं फोन केला तो हुंदके देतच. "आई, डबा दिसतोय अन् खाता येत न्हाई. नको गं पाठवू." त्याच दिवशी ती नाथाच्या पुढं गेली आणि बोलली की, लेक लढत असेतोवर माझ्या हातून त्याच्याकडं अन्नाचा कण जाणार नाही. आणि तो उपाशी असेल ते दिवस मीही अळणी खाईन. इतकी वर्षं तिनं हे पाळलं. गावात लग्न असो की बारसं, समर्थची लढत जवळ आली की मुक्ताबाईच्या ताटात मीठ नाही, हे वाढणाऱ्यालाही पाठ झालं होतं.

त्या रविवारी घरी आल्यावर मुक्ताबाईनं सहादेवच्या पोरीला हाक मारली. पूजा कोपरगावला कॉलेजात जायची, तिला इंग्रजी यायचं.

"पूजा, समर्थ काय बोललाय?"

पूजा आधी म्हणाली की मोबाईलला रेंज नाही. मग म्हणाली, चार्जिंग नाही. शेवटी खाली बसली.

"मोठी आई, रागावू नकोस हं."

मोबाईलवर समर्थ दिसला. गाल आत गेलेले, ओठ फुटलेले. पाठीमागं ते वजनाचं यंत्र. काटा पुढं गेला होता. त्याला घाम गाळायला थोडा वेळ दिला, तरी वजन हटलं नाही. एकही ठोसा न मारता पट्टा उतरला होता. माइक धरलेल्या बाईनं काहीतरी विचारलं आणि समर्थ डोळे पुसत बोलायला लागला. मुक्ताबाईला एकच शब्द कळला. प्रसाद.

"काय म्हन्तोय?"

"म्हणतोय की…" पूजा थांबत थांबत सांगू लागली. "माझ्या आईनं इंडियातून देवाचा प्रसाद पाठवला होता. लाडू. आमच्यात प्रसादाला नाही म्हणत नाहीत. मी उपाशी होतो, वजन काठावर होतं, मला माहीत होतं की हा खाल्ला तर पट्टा जाईल. पण आईचा शब्द मोडवला नाही. असं म्हणतोय."

मुक्ताबाईनं ते पुन्हा लावायला सांगितलं. मग पुन्हा एकदा. समर्थ प्रत्येक वेळी त्याच जागी डोळे पुसत होता.

"मी न्हाई पाठवला गं," ती हळूच म्हणाली. पूजाला सांगितलं की स्वतःला, कोण जाणे.

समर्थचा फोन सोमवारी आला. आठव्या वर्षी गाव सुटलेलं, त्यामुळे त्याचं मराठी अजून तेवढ्याच पोराचं होतं. ते ऐकलं की एरवी तिला पान्हा फुटल्यासारखं व्हायचं.

"आई, रागावली का?"

"तू जेवला का?"

"आता काय, आता जेवतोच." त्यानं आवाज खाली आणला. "आई, खरं सांगू? या वेळेला मी नीट पळलोच न्हाई. दोस्तांबरोबर फिरलो, पार्ट्या केल्या. शेवटी लई वजन ऱ्हायलं. अन् आदल्या सांजंला रस्त्यात चिप्सचं दुकान दिसलं. मला राहावलं न्हाई. उभ्या उभ्या खाल्लं. लई भूक लागली हुती गं."

त्या सांजेला मुक्ताबाईसुद्धा बिनमिठाची भाकरी दुधात कुस्करून बसली होती.

"भूक लागली तर खाल्लं. त्यात काय पाप हाय? पन माझं नाव का घेतलंस बाबा?"

"तोंडातून निघालं. ती बाई इचारत हुती, सगळे बघत हुते, मला लाज वाटली. अन् आई, लोकांना ते एवढं आवडलं! बाया रडल्या. माझा प्रमोटर, लढती भरवतो तो, म्हन्तो, बॉक्सिंगचं मंडळ आता ऐकंल, पट्ट्यासाठी परत लढत देईल. फक्त तुझी एक फिल्म पायजे. कॅमेरावाला येईल घरी. तू लाडू वळायचे, अन् म्हनायचं, व्हय, मी पाठवला. येवढंच."

"मी नाथापुढं बोललेय समर्थ. कन पाठवनार न्हाई म्हनून. तुला ठावं हाय."

"नाथाला काय कळतंय इंग्लंडात काय झालं ते!"

फोन ठेवताना तो म्हणाला, "आई, तू न्हाई म्हनलीस तर मी संपलो."

सहादेवचं म्हणणं सरळ होतं. "वैनी, पोराच्या जल्माचा सवाल हाय. एक व्हय म्हनायचं. तुमचं काय जातंय?"

"माझं काय जातंय, भावजी?" तिनं विचारलं. तिला खरंच ते सांगता येत नव्हतं. समर्थसाठी ती शंभर वेळा खोटं बोलली असती. तो शाळा बुडवायचा तेव्हा बोललीही होती. पण ह्या खोट्यात नाथ होता. आपल्या हातचा प्रसाद खाल्ला आणि पोरगं बुडालं, हे तिनं स्वतःच्या तोंडानं म्हणायचं होतं. मग पुढच्या रविवारी डबा घेऊन त्याच पायरीवर कशी चढणार?

कॅमेरावाला कल्याण चार दिवसांनी आला. शिर्डीकडं लग्नाच्या शूटिंगा करणारा पोरगा, लंडनच्या लोकांनी त्याला फोनवरून काम दिलं होतं. स्वभावानं गोड. आल्या आल्या पाया पडला, चूल बघून म्हणाला, "काकू, गॅस झाकू आपण, चूल भारी दिसती." सहादेवनं नवी टोपी घातली होती. मुक्ताबाईनं रवा भाजला, पाक केला, लाडू वळले. कल्याण तिच्या मुठीवर कॅमेरा धरून बसला.

"झकास. आता काकू, माझ्याकडं बघा. समर्थदादांना प्रसाद तुम्हीच पाठवला होता ना?"

सहादेव दारात उभा राहून मान हलवत होता, व्हय म्हणा, व्हय म्हणा.

"न्हाई," मुक्ताबाई म्हणाली.

"कट. काकू, घाबरू नका. परत घेऊ."

"घाबरले न्हाई. माझ्या हातचा लाडू त्यानं खाल्ला न्हाई. मी पाठवलाच न्हाई. त्याला भूक लागली, त्यानं बाहेर खाल्लं. एवढ्या दिसांचा उपाशी हुता तो. हे बी सांगा त्यांना."

कल्याणनं कॅमेरा खाली घेतला. सहादेवनं टोपी काढून मांडीवर आपटली. "वैनी, आज तुमी स्वतःच्या लेकाला मारलं!"

ती लाडू वळत राहिली, कारण पाक गार झाला असता तर वाया गेला असता. लाडू मात्र लहानमोठे झाले. कल्याण जाताना दोन लाडू मागून घेऊन गेला.

त्यानंतर समर्थचा फोन आला नाही. मुक्ताबाईनं केला, तो वाजून वाजून थांबला. आत्याला केला तर ती म्हणाली, "वैनी, पोरगं लई दुखावलंय." दुखावलं असेल, मुक्ताबाई मनात म्हणायची. पण खोट्याचं ओझं तर उतरलं. रागावू दे, ओरडू दे. एक दिवस येईल, मांडीवर डोकं ठेवील. ह्या आशेवर ती दिवस काढत होती.

मग एका दुपारी पूजा आली. हातात मोबाईल, पण दाखवायला तयार नाही.

"मोठी आई, दादाला परत लढत मिळाली."

"मिळाली? नाथाची किरपा! मग तोंड का पाडलंस?"

फिल्म निघाली होती. तिच्यात चूल होती, वळलेले लाडू होते, मुक्ताबाईचे हात होते. तिचं बोलणंही होतं, "मी पाठवलाच न्हाई." मग समर्थ आला. अंगावर चांगला सदरा, चेहरा भरलेला. तो हसून, मान जराशी कलती करून, फार मायेनं काहीतरी बोलला. शेवटी त्यानं छातीवर हात ठेवला.

"काय म्हनला?"

"जाऊ दे ना."

"सांग पूजा."

"म्हणाला…" पूजाचा आवाज बारीक झाला. "आईचं वय झालंय. हल्ली तिला काही आठवत नाही. माझ्यासाठी काय काय केलं हे तीच विसरून जाते. पण मी नाही विसरलो."

मुक्ताबाई पंचावन्नची होती. गावातल्या प्रत्येक पोराची जन्मतिथी तिला तोंडपाठ होती.

पूजालाच रडू आलं, तेव्हा मुक्ताबाईनं तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि उठून गुरांना पाणी दाखवायला गेली.

गावाला मात्र ते पटलं. खोटं बोलणारा चॅम्पियन मानण्यापेक्षा विसराळू म्हातारी मानणं सोपं होतं. रविवारी बायडाबाईनं लाडू घेतला. ओमची कुस्ती होऊन गेली होती, म्हणून त्यालाही घेऊ दिला. पण देवळात सगळ्यांना ऐकू जाईल अशा चढ्या आवाजात, एकेक शब्द तोडून विचारलं, "मुक्ते, साखर घातलीस ना गं आठवनीनं? मी कोन? वळाकलंस का?"

"बायडे, तुझं लगीन मीच जमवलं हुतं," मुक्ताबाई म्हणाली. "अन् तुझा सासरा कर्ज काढून जेवन घालतो म्हनला तेव्हा तू रुसून कपाटात बसली हुतीस."

बायका हसल्या, पण बायडाबाईनं शेजारणीकडं बघून डोळे मिचकावले. जुनं आठवतं बरं का अशा लोकांना, नवं आठवत नाही. सहादेवही हल्ली दूध मोजून झालं की आकडा दोनदा विचारायचा. तिनं "नाही" म्हटलेलं कुणाच्याच हिशेबात उरलं नव्हतं.

लढतीच्या आदल्या दिवशी, सांजवात लावायच्या वेळेला, फोन वाजला. समर्थच होता. आवाज कोरडा, म्हणजे पाणी सोडलेलं.

"आई, आज वजन हाय. आशीर्वाद दे."

किती तरी दिवसांनी त्याचा आवाज कानी पडला. ती भिंतीला टेकून बसली.

"समर्थ, एक इचारू?"

"बोल ना."

"मला खरंच आठवत न्हाई, असं तुला वाटतं का?"

पलीकडं कुणीतरी इंग्रजीत हाका मारत होतं. समर्थचा श्वास ऐकू येत होता. तो गप्प राहिला, आणि त्या गप्प राहण्यात तिला कळलं की त्याला सगळं आठवत होतं. अळणी भाकरी, पायरीवरचा शब्द, सगळं. विसरून बोलला असता तर तिनं केव्हाच पदरात घेतलं असतं.

"आई, आपन नंतर बोलू. मला काट्यावर बोलावलंय."

"जा," ती म्हणाली. "उभा ऱ्हाताना सरळ उभा ऱ्हा."

त्यानं पुन्हा आशीर्वाद मागितला नाही. फोन बंद झाला. मुक्ताबाई तिथंच बसून राहिली. देवघरात अंधार दाटत चालला, तरी दिवा लावायला तिला उठवेना, कारण देवापुढं गेल्यावर पहिलं नाव समर्थचंच यायचं, ते कुणाचं घ्यायचं हे एवढ्या वर्षांत तिला कधी ठरवावं लागलं नव्हतं.