दोन गाड्या आणि एक स्थळ

अमरावतीचा अंकुर अकोल्याच्या दीक्षाला पाहायला आला तो लाल जर्मन गाडी घेऊन. दोन सिटांची, जमिनीला पोट टेकलेली. तिच्यातून त्याच्या आईला, मैनाबाईंना, बाहेर काढायला दोघांनी हात द्यावा लागला. दीक्षाने खिडकीतून ते पाहिलं आणि मनात म्हटलं, झालं, नवरदेव कळला.

पोहे संपायच्या आत गड्याने गाडीचं पुराण लावलं. तीनशेच्या वर हॉर्सपॉवर, आवाज असा, सीट तशी. दीक्षा काय करते, हे काही त्याने विचारलं नाही. ऑटोक्रॉसमध्ये उतरतो म्हणे. मैदानात शंकू मांडायचे, त्यांच्यामधून एकेकाने गाडी वळवत न्यायची, कमी वेळ लागला तो जिंकला. अहो, दीक्षाही उतरत होती. तिची गाडी आपल्याच देशातली, फायबरच्या अंगाची, दोन सिटांचीच, पण जुनी आणि इवलीशी. वजन नाही आणि वळते झटकन, एवढाच काय तो तिचा गुण.

मैनाबाईंनी मुद्द्याला हात घातला. "पोरगी पसंत हाय बाप्पा. पन आमच्या घरी गाडी ठेवाले जागा एकच. तुमची ते खटारी लग्नाआंधी इकून टाका."

"इकू ना," दीक्षाचे वडील खुशालराव पोरीकडे न पाहता म्हणाले. चांगल्या स्थळापुढे त्यांचा कणा असाच मऊ व्हायचा. दीक्षाच्या अंगाचा तिळपापड झाला. गाडी गेली की मैदान गेलं; हा लाडोबा आपल्या स्टिअरिंगला तिला बोट तरी लावू देणार होता का?

"कोनती इकाची ते दोन्ही पळवून ठरवू," ती म्हणाली. "जे मांगं राहीन ते इकू."

अंकुर हसला. "चालेल. पण मग रडायचं नाही हं."

खुशालरावांच्या कापसाच्या जिनिंगचं आवार उन्हाळ्यात रिकामंच असतं. सगळे तिथे गेले. दीक्षाने शंकू मांडले, खुशालराव मोबाइलवर वेळ लावून उभे राहिले.

अंकुर आधी सुटला. आवाज एवढा की शेडवरची कबुतरं उडाली. सरळ पट्ट्यात वा वा, आणि वळण आलं की नुसती फरफट. दोन शंकू आडवे करून तो उतरला. नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय. "इथली जमीन बरोबर नाही," तो म्हणाला.

त्याच जमिनीवरून दीक्षा गेली. एक शंकू हलला नाही आणि वेळही बराच कमी लागला.

"गाडी हलकी आहे ना," अंकुर म्हणाला. "कमाल गाडीची आहे."

"मंग अदलाबदल करू."

किल्ली देताना त्याचा जीव वरखाली झाला. दीक्षाने लाल धूड वळणाआधीच आवरलं आणि सगळ्या शंकूंमधून सुखरूप काढलं. तिच्या गाडीत बसून अंकुरने मात्र तीन शंकू चिरडले. पुन्हा तोच मागे. आता तरी ह्याच्या डोक्यात उजेड पडेल, असं दीक्षाला वाटलं.

घाम पुसत त्याने बराच विचार केला. मग फार मोठ्या मनाने म्हणाला, "ठरलं. आई, माझी विकू. ह्यांचीच ठेवू. थोडा हात बसला की स्पर्धेत हीच चालवत जाईन मी. दीक्षा वेळ लावेल, तिला समजतं त्यातलं."

मैनाबाईंचा ऊर भरून आला. "बायकोसाठी सोताची गाडी इकून राहिला माहा पोरगा. कुठी भेटते असा? मंग, साखरपुडा कवा धरू?"

खुशालराव मोबाइलवरच्या चारही वेळा पुन्हा वाचू लागले. दीक्षाने त्यांची वाट पाहिली नाही.

"पोरगा तसा चांगला हाय," ती म्हणाली. "पन आमाले अजून दोन-तीन पाहाचे हायेत. कळवतो आमी."

पोरीचा बाप तिला दटावेल म्हणून मैनाबाईंनी खुशालरावांकडे पाहिलं.

"हाव," खुशालराव म्हणाले. "कळवतो."