सरकत्या पट्ट्यांची पेटी

झाडीपट्टीत दंडार या लोकनाट्यात पेटी वाजवणाऱ्याला मास्तर म्हणतात. त्याला लिहितावाचता येतं की नाही, याची चौकशी कोणी करत नाही. सालेकशाकडच्या एका लहानशा गावातला चैतराम असाच मास्तर होता. एरवी धानाच्या बांध्यांतली शेतीची कामं आणि दिवाळी झाली की दंडारीची पेटी, असं त्याचं वर्षानुवर्षं चाललेलं. दिवाळीनंतर त्या मुलखात गावोगाव मंडईची जत्रा भरते, आणि मंडई म्हटली की भर दुपारी राजाराणीची सोंगं घेऊन दंडार उभी राहायलाच हवी. नाही राहिली तर मंडईला आलेले पाहुणे पुढची दहा वर्षं त्या गावाचं नाव काढून हसतात.

चैतरामात एक उणीव होती, पण गावाला ती कधी उणीव वाटली नव्हती. त्याची बोटं एकाच घरातून चालत. काळी चार ही पट्टी धरून सुरुवात केली की मग डोळे मिटूनसुद्धा तो तासन्‌तास वाजवी. दुसऱ्या घरातून वाजवायला सांगितलं तर तीच बोटं सोयरिकीला आलेल्या माणसासारखी अवघडून बसत. पण दुसरं घर हवं होतं कोणाला? दंडारीचा राजा मनिराम. तो गाई काळी चारमधूनच, आणि असा गाई की पार बांधावर थांबलेल्या बैलबंड्यांतल्या बायांनाही शब्द न्‌ शब्द ऐकू जाई. दोघं एका वयाचे, गुरं जमायच्या एकाच मैदानात, आखरावर, खेळलेले. चैतरामाच्या मते मनिरामाचा गळा आणि काळी चार ही जोडी देवानेच जमवलेली होती.

गेल्या मंडईत ती जोडी फुटली. राजाचं वरचं आळवणं ऐन भरात आलं असताना मनिरामाचा आवाज चिरकला. गर्दीत कोणीतरी फिसकन हसलं. मनिरामाने थंडीवर खापर फोडलं आणि लोकांनीही ते तोंडदेखलं मान्य केलं. पण दंडारीच्या मंडळींत कुजबूज सुरू झाली. राणीचं सोंग घेणारा गोवर्धन तरणाबांड होता, गळा खणखणीत होता. औंदा पुन्हा असं झालं तर राजाचा फेटा गोवर्धनाच्या डोक्यावर, असं ठरल्यातच जमा होतं. हे मनिरामाला कोणी सांगितलं नव्हतं आणि त्याला ते ठाऊक नव्हतं असंही नाही.

त्यातच पावसाळ्यात दंडारीच्या पेटीला उधई लागली. कोजागिरीच्या सुमारास खोक्याचं झाकण उघडलं तर वाळवीने पोखरलेल्या लाकडाचा भुसा हातात आला. साल छप्पन. जिल्हा मध्यप्रदेशातून निघून मुंबई राज्यात चालला होता. त्याबद्दल गावात फारसं कोणी बोललं नाही, पेटीबद्दल मात्र सगळे बोलले. वर्गणी झाली. नवी कोरी पेटी घेण्याइतकी ती नव्हती, तेव्हा गोंदियाला जाऊन वापरलेली आणायची ठरलं. चैतराम, मनिराम आणि ढोलकीवाला बकाराम असे तिघे पॅसेंजरने निघाले.

गोंदियाच्या बाजारात केवलराम सेठचं दुकान होतं. ग्रामोफोन, पेट्या, तबले, जे गाणारं ते सगळं तो दुरुस्त करी आणि जुनं विकतही असे. त्याने दोन पेट्या पुढे ठेवल्या.

"ये पुरानी वाली नाटक कंपनी की है, मास्टर," तो म्हणाला. "कंपनी डूब गई, पेटी बच गई. अंदर के सुर विलायती हैं. अब ऐसा माल नहीं आता. और ये दूसरी राइस मिलवाले की बेटी की. सात-आठ साल चली होगी. शादी हुई, ससुराल में कौन बजाने देता है?"

जुनीचा रंग उडाला होता, कोपरे झिजले होते, वर्षानुवर्षं बोटं पडून पट्ट्यांना खळगे आले होते. चैतरामाने भाता हलवला, काळी चार दाबली आणि त्याचा हात थांबला. असा सूर त्याने जन्मात वाजवला नव्हता. नुसता गोड नव्हे. भरलेला, शांत, बोट उचलल्यावरही जरा वेळ खोलीत रेंगाळणारा. उधईने खाल्लेल्या पेटीवर आपण इतकी वर्षं काय वाजवत होतो, याचंच त्याला नवल वाटलं. त्याने एक गत वाजवली, मग दुसरी. केवलराम सेठने हिशेबातून मान वर केली. चैतरामाला ती पेटी हवी होती, लहान पोराला जत्रेतली शिट्टी हवी असते तशी, कारण न सांगता.

"मन्या, म्हन तं जरा," तो म्हणाला.

मनिरामाने राजाचं पद धरलं. खालच्या ओळी छान गेल्या. वरच्या ओळीशी येताच त्याला खोकला आला. चांगला दणदणीत खोकला. पाणी प्यायला आणि म्हणाला, "गाडीतला धूर गेला बे घशात." पुन्हा म्हणायचं नाव त्याने काढलं नाही.

मग चैतरामाने दुसरी पेटी ओढली. तिचं पॉलिश असं की त्यात मिशी कोरावी. आवाज मोठा, पण थोडा नाकातला. चैतरामाने तोंड वाकडं केलं. तेवढ्यात केवलराम सेठ पुढे झाला. त्याने पेटीच्या बाजूची पितळी मूठ धरली आणि पट्ट्यांची सगळीच्या सगळी रांग डावीकडे सरकवली.

"कलकत्ते की कारीगरी," तो म्हणाला. "उंगली वहीं रखो, सुर नीचे. फिर सरकाओ, और नीचे."

बकारामाने तोंडात बोट घातलं. चैतरामाने आपल्या नेहमीच्या घरात बोटं ठेवून तेच पद वाजवलं. सूर दोन पायऱ्या खालचा निघाला. मनिराम दुकानाच्या खांबाला टेकून रस्त्यावरचे टांगे बघत होता. बघता बघता तो गुणगुणू लागला. वरची ओळ आली, तो चढला, तिथे थांबला, आणि सहज खाली उतरला. आपण गायलो हे त्याच्या ध्यानातही आलं नाही. चैतरामाच्या मात्र पक्कं ध्यानात आलं, आणि जुनी पेटी हातची गेली हेही.

"जुनीच घे," मनिराम वळून म्हणाला. "मधावानी आवाज हाये. ही नवी तं कोंबडीवानी वरडते."

"जुनीचा भाता गळून राहिला," चैतराम म्हणाला.

"कोठं गळून राहिला?" बकाराम म्हणाला. "मले तं नाइ दिसला."

"तुले ढोलकीतलं समजते. पेटीतलं मले समजू दे."

परतीच्या गाडीत बकाराम सबंध वाट धुसफुसत होता. मनिराम खिडकीबाहेर पाहत बसला. चैतरामाने पेटी मांडीवर घेतली नाही, पायाशी ठेवली.

गावाने पेटी पाहिली आणि मास्तरची यथेच्छ टर उडवली. पॉलिशला भुलला म्हणे! नाकात बोलणारी नवरी शालू पाहून पसंत केली म्हणे! चैतराम विळा घेऊन बांधीची वाट धरी. खरं सांगावं तर मनिरामाची अब्रू जाते, आणि खोटं आणखी वाढवावं तर ते सांभाळता येत नाही. तो तसा खोटं बोलण्यात कच्चाच होता.

बायको धुरपता मात्र हसली नाही. नवी वस्तू घरात आली की हा माणूस तिच्याभोवती घुटमळतो, हे तिला माहीत होतं. या पेटीवर तो रोज फडकं मारी आणि लगेच झाकण लावी.

"आवडली नाइ तं आनली काऊन जी?" तिने धानाच्या पेंढ्या बांधता बांधता विचारलं.

चैतरामाने तिला सगळं सांगितलं. जुनीचा सूर कसा होता हेही सांगितलं, आणि सांगता सांगता डोळे पुसले. एका पेटीपायी पन्नाशीच्या माणसाने रडावं हे त्याला बरं वाटलं नाही, म्हणून तो उगीच विळ्याला धार लावू लागला.

"मंग त्यायले सांगा ना, का तुमच्यासाठीच आनली," धुरपता म्हणाली.

"सांगतलं तं तो गाइन का? फेटा काढून गोवर्धनाच्या हातात देइन अन् घरी जाइन."

"अन् नाइ सांगतलं तं?"

"तं गाइन."

धुरपताने पेंढी बांधून बाजूला टाकली आणि दुसरी घेतली.

तालमी सुरू झाल्या. चैतराम सगळ्यांच्या आधी आखरावर जाई, मूठ धरून पट्ट्या दोन घरं खाली ओढी आणि मुठीवर फडकं अंथरून बसे. कोणाला काही कळलं नाही. पद मात्र सुरेख जमू लागलं. मनिरामाचा आवाज पहिल्यासारखा धारदार राहिला नव्हता, पण त्याला एक जाडी आली होती, आणि ती राजाला शोभत होती. गोवर्धनसुद्धा एकदा म्हणाला, "मनिरामभाऊचा गळा सुदरला गा औंदा." बकारामाने सगळं श्रेय स्वतः आणून दिलेल्या ज्येष्ठमधाला दिलं.

मनिराम एवढंच म्हणे, "हो, बरं वाटून राहिलं." आणि चैतरामाकडे न पाहता पाणी प्यायला जाई.

भाऊबीज झाली आणि मंडईचा दिवस उगवला. शिंगाड्यांचे ढीग, उसाच्या मोळ्या, गुळाच्या जिलेबीवर घोंघावणाऱ्या माश्या. दुपार कलायच्या आत मैदान माणसांनी भरलं आणि कडेला बैलबंड्यांची रांग लागली. गण झाला, गोवर्धन राणी होऊन ठुमकत आला, टाळ्या घेऊन गेला. मग राजा आला.

दंडारीत राजाने गाण्याआधी मास्तरला सूर मागायचा, आणि तो खड्या आवाजात मागायचा, असा रिवाज. मनिराम दरवर्षी छाती काढून म्हणे, "मास्तर, द्या सूर काळी चार!" आणि मंडई तिथेच अर्धी जिंकलेली असे. चैतराम भात्यावर हात ठेवून तयार होता. मनिराम तेच म्हणेल, लोक तेच ऐकतील, आणि पेटीतून येईल ते कोणी मोजायला बसणार नाही.

मनिराम मधोमध उभा राहिला. फेटा सावरला. गर्दीवरून नजर फिरवली. मग चैतरामाकडे वळला आणि बंड्यांपर्यंत पोचेल अशा आवाजात म्हणाला,

"मास्तर! राजा आता मातारा झाला. काळी चार पोट्ट्यायसाठी राहू द्या. मले दोन घरं खालून सूर द्या!"

चैतरामाचा हात भात्यावरच राहिला. म्हणजे याला माहीत होतं. पहिल्या तालमीपासून माहीत होतं. आपण फडकी अंथरत होतो आणि हा पाणी प्यायच्या निमित्ताने आपल्याला लपवायला वाव देत होता.

कडेच्या बंडीतून एक म्हातारी ओरडली, "आमीबी माताऱ्याच हाओत बाप्पा, म्हन तू!" आणि सगळं मैदान हसलं. गेल्या वर्षीचं फिसकन हसणं आणि हे हसणं यांत फरक होता, आणि तो मनिरामालाही कळला. तो स्वतः हसत होता.

चैतरामाने फडकं काढून बाजूला फेकलं. सगळ्यांना दिसेल अशी पितळी मूठ धरली आणि जोर लावल्यासारखा खांदा वाकवला. पट्ट्या जागच्या हलल्या नाहीत. हलायचं कारणच नव्हतं, त्या सकाळपासून खालीच होत्या. मनिरामाने ते पाहिलं. त्याच्या मिशीचं एक टोक हललं. मग चैतरामाने भाता भरला आणि सूर दिला.

मनिराम गायला. वरची ओळ आली तशी चैतरामाने भाता जपून हलवला, पण मनिराम पायवाटेने चालल्यासारखा वर गेला, तिथे उभा राहिला, लोकांकडे पाहिलं, आणि आपल्या सवडीने खाली आला. बंड्यांतून बाया शाबासकी देत होत्या. नाकातला सूर, विलायती सूर, चैतरामाला काही आठवलं नाही. तो आपल्या घरातून वाजवत होता आणि मनिराम समोर गात होता.

पद संपलं. गोवर्धन पुढच्या सोंगासाठी लुगडं नीट करत होता, तेवढ्यात मनिराम घाम पुसत पेटीजवळ येऊन टेकला.

"पुढल्या मंडईले आनखी येक घर उतराव लागन बे," तो हळूच म्हणाला.

"उतरू," चैतराम म्हणाला. "खाली आनखी तीन हायेत."

"अन् ते सरले का?"

चैतरामाने भाता नीट केला, पट्ट्यांवरची धूळ पहिल्यांदाच मायेने पुसली.

"मंग दोघं मिळून शिंगाडे इकू गा," तो म्हणाला. "ऊठ आता, राणी बोलवून राहिली."