सगळ्यात हळू तो पुढे

डोंगर चढताना त्यांच्या घरात एकच नियम होता: सगळ्यात हळू चालणारा पुढे. नियम आईचा, आणि पुढेही आईच. तिचा एक गुडघा जन्माचा अधू, पण हौस दांडगी. सुट्टी आली की सकाळच्या बसने शेवटच्या गावापर्यंत जायचं आणि तिथून गवताची, दगडी बांधांची चढण चढत एखाद्या माथ्यावर बसून अख्खं खोरं बघायचं. हळू माणसाला मागे ठेवलं की वर पोचलेले लोक आधी विसावा घेतात, आणि तो धापा टाकत पोचला की उठून म्हणतात, "चला, निघायचं ना?" लहानपणी कोणीतरी तिला असं मागे ठेवलं असणार, नाहीतर एवढा कडक नियम कोण करतं? ती पुढे, मधे लेक, शेवटी बाप, अशी ही वरात गोगलगायीच्या चालीने वर जायची, आणि मागच्या दोघांना तिच्या टाचांशिवाय काही दिसायचं नाही.

बाप म्हणजे कवळीवाले. गल्लीच्या तोंडाशी त्यांचं छोटं दुकान. पुढे एक खुर्ची, मागे मेण, साचे आणि ओळीने मांडलेले दात. अख्ख्या गल्लीतले म्हातारे त्यांच्या कृपेने चावत होते. लेकीला घरात बुटकी म्हणत. ती आता बापापेक्षा वीतभर उंच झाली होती, पण नाव चिकटलं ते चिकटलं. पुलांना कुठे तडे गेलेत ते तपासणं हे तिचं काम, आणि कामात ती भारी चोख.

आई गेली त्याला वर्ष होत आलं होतं. कवळीवाले रडले नव्हते. दवाखान्यात नाही, घरी नाही, नंतरही नाही. दुसऱ्याच आठवड्यात त्यांनी दुकान उघडलं आणि समोरच्या म्हाताऱ्याला म्हणाले, "चावा. अजून एकदा चावा." हात पूर्वीसारखेच चालत होते. जेवण जात होतं, झोप लागत होती. दात काढण्याआधी सुई टोचली की ओठ आपला नसल्यासारखा वाटतो, तसं त्यांना सगळ्या अंगभर वाटत होतं, आणि त्याचंही काही वाटत नव्हतं.

त्यांच्या बहिणीला मात्र हे बघवेना. ही म्हणजे बुटकीची आत्या. जगाची काळजी वाहण्याचं कंत्राट तिने घेतलेलं. "रडून घे रे एकदा, मोकळा होशील," असं ती उठता बसता म्हणायची. एकदा तर तिने भावासमोर कांद्यांची टोपली ठेवली आणि सुरी हातात देऊन स्वतः दाराआडून बघत राहिली. कवळीवाल्यांनी सगळे कांदे कापले, अगदी एकसारखे. डोळ्यांतून पाणी आलं, ते त्यांनी बाहीने पुसलं आणि विचारलं, "अजून आहेत का?" आत्याने कपाळावर हात मारून घेतला.

आणि आता हे नवीन. बुटकीला दूर बदली मिळत होती. मोठं पद, मोठे पूल, दीड दिवसाचा रेल्वेचा प्रवास. सोमवारी ऑफिसात हो की नाही सांगायचं होतं. "तुम्ही माझ्याबरोबर येणार असाल तर जाईन," ती म्हणाली होती. "तुम्ही इथे एकटे राहणार असाल तर मी जात नाही. संपला विषय." कवळीवाले महिनाभर "बघू" म्हणत होते. शेवटी तीच म्हणाली, "रविवारी आईच्या त्या नेहमीच्या माथ्यावर जाऊ. तिथे काय ते सांगा."

चला, म्हणाले ते. त्यांना रविवार काय आणि बुधवार काय, सारखाच.

बसमधून उतरल्यावर पायवाट सुरू झाली तशी बुटकी बाजूला सरकली आणि म्हणाली, "व्हा पुढे."

"मी?"

"मग कोण? आता तुम्हीच हळू."

हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं. ते पुढे झाले. पुढून चालणं वेगळंच होतं. समोर कोणाची टाच नाही, नुसती वाट आणि गवत. मागून लेकीचे बूट वाजायचे आणि थांबायचे, वाजायचे आणि थांबायचे. ती पाऊल आवरतेय हे त्यांना ऐकू येत होतं. घोड्याला गाढवाच्या मागे बांधावं तशी पोरगी चालतेय, आणि ती जन्मभर अशीच चालेल. सांगून टाकायचं, त्यांनी ठरवलं. वर पोचलं की सांगायचं: मी येत नाही, तू जा. तिला पटेल असं काहीतरी सांगायचं.

मेंढ्यांच्या वाड्यापाशी वाट फुटली. एक डावीकडे बांधाला धरून, एक उजवीकडे काटेरी झुडपांतून. कवळीवाले थांबले.

"कुठली गं?"

"मला काय विचारता? तुम्ही पुढे आहात."

"अगं, पण इतक्या वेळा आलीस ना तू?"

"तुम्ही नाही आलात?"

दोघं एकमेकांकडे बघत राहिले. दोघंही इतक्या वेळा आले होते, अगदी बरोबर. मान खाली घालून, आईच्या टाचा बघत, पुलांच्या नाहीतर कवळ्यांच्या गप्पा मारत आले होते. इथे ती डावीकडे वळायची की उजवीकडे, हे दोघांपैकी एकालाही माहीत नव्हतं. प्रत्येकाला वाटत होतं, दुसऱ्याला माहीत असेल. बुटकीने मोबाईल काढला, तर त्याला रेंज नव्हती. शहाणी माणसं अशा वेळी कोणालातरी विचारतात. पण विचारायला फक्त मेंढ्या होत्या.

"डावी जरा बरी दिसते," कवळीवाले म्हणाले, आणि चालू लागले.

डावी वाट खरंच बरी होती. रुंद होती, मधेमधे खडी टाकलेली होती. अशी खडी पूर्वी नव्हती, असं दोघांनाही वाटलं, तरी दोघंही चालतच राहिले. चढून चढून ते वर पोचले तर समोर एक मोबाईलचा टॉवर, त्याच्याभोवती जाळीचं कुंपण आणि पत्र्याची एक खोली. टॉवरची दुरुस्ती करणारा माणूस हत्यारांची पिशवी उशाला घेऊन खोलीच्या सावलीत आडवा झाला होता.

"काय काम?" त्याने पडल्या पडल्या विचारलं.

"बघायला आलो होतो," बुटकी म्हणाली.

"टॉवर?"

"नाही हो. खोरं. लोक बसतात ना, तो मोठा सपाट खडक..."

"तो तिकडे." टॉवरवाल्याने पायानेच दिशा दाखवली. "मेंढ्यांच्या वाड्यापासून उजवीकडे. इथे कोणी बघायला येत नाही बाबा. बघायचंय काय इथून?" आणि कूस बदलून तो घोरायला लागला.

कुंपणाच्या पलीकडच्या टोकाला जाऊन दोघं बसले. समोर, मधल्या दरीच्या पलीकडे, त्यांचा माथा होता. आजवर त्यांनी त्यावर बसून जग बघितलं होतं, तो माथा कधी बघितला नव्हता. तो केवढासा होता! झिजलेल्या दाढेसारखा, वर जरा सपाट. तिथे रंगीत जाकिटं घातलेली चार माणसं बसली होती. त्यातलं एक उठून हात पसरून उभं राहिलं, कोणीतरी फोटो काढत असणार. आता परत खाली उतरून तिकडे चढायचं म्हटलं तर परतीची बस चुकली असती.

कवळीवाले बघत राहिले. आता तरी काहीतरी होईल, असं त्यांना वाटलं. इथेच तर व्हायला हवं. ती तिथे बसायची, पाय सोडून, दुखरा गुडघा चोळत, आणि "बघा हो, बघा" म्हणायची, जणू काही खोरं तिनेच मांडून ठेवलंय. ते सगळं त्यांना नीट आठवलं. आठवलं आणि तेवढंच. आत काही हललं नाही.

बुटकीने डबा उघडला. पाव आणि उकडलेली अंडी. ती अंडं सोलू लागली.

"बुटके," ते म्हणाले, "तू जा. मी येत नाही."

"मग मीही जात नाही."

"ऐकून तर घे." ते समोरच्या माथ्याकडे बघतच बोलले. "माझी काळजी करण्यासारखं काही नाहीये. मला काही होतच नाही. तुझी आई गेली तेव्हा झालं नाही, आत्ताही होत नाही. तुझी आत्या म्हणते, आत दाबून ठेवलंय. मी बघितलं गं आत. काही नाही. तू गेलीस तरी मी सकाळी उठेन, मेण वितळवेन, जेवेन, झोपेन. तुझी आठवण येईल का, तेही मला सांगता येत नाही. अशा माणसासाठी तू कशाला अडकून पडतेस?"

बोलून झाल्यावर त्यांना कळलं की बापाने लेकीला सांगू नये ते आपण सांगून बसलो. पण शब्द परत घेता येत नाहीत. बुटकी अंड्याचं टरफल काढत राहिली. अंडं सोलून कधीच झालं होतं, तरी तिची बोटं फिरतच होती.

"मीही रडले नाहीये," ती म्हणाली.

"तू? दवाखान्याच्या दारात केवढी रडलीस! मी बघितलं की."

"आत्याने मिठी मारली होती. तिने एवढं घट्ट धरलं, मला म्हणाली, रड गं रड. मग मी आवाज काढला. तिला बरं वाटावं म्हणून." बुटकीने अंडं पावावर ठेवलं. "तेव्हापासून तेच चाललंय. ऑफिसात कोणी आईचं काही विचारलं की मी तोंड पाडते. माझं तोंड पाडलेलं बघून ते हळहळतात, मग मला आणखी पाडावं लागतं. पुलाचे तडे मला लगेच दिसतात बाबा, माझ्यात मात्र काय झालंय तेच दिसत नाही."

कवळीवाल्यांनी पहिल्यांदाच समोरच्या माथ्यावरून नजर काढून लेकीकडे बघितलं. तिचा चेहरा कोरडा होता. सकाळी आरशात दाढी करताना जो चेहरा त्यांना दिसायचा, तोच हा, फक्त तरुण.

"तिकडे सगळे नवीन लोक," ती म्हणाली. "परत सगळ्यांना पहिल्यापासून सांगायचं. परत तोंड पाडायचं. रोज. घरी आल्यावर तरी एक माणूस असं हवं, ज्याच्यासमोर काही करून दाखवावं लागणार नाही. तुम्हाला काय वाटलं, मी तुमच्या काळजीपोटी चला म्हणतेय?"

त्यांना तसंच वाटलं होतं. महिनाभर तसंच वाटलं होतं. आपण हिच्या गळ्यातलं लोढणं आहोत असं समजून आज ते लोढणं सोडवायला इतके चढून आले होते.

समोरच्या माथ्यावरची माणसं उतरायला लागली होती. एकेक जाकीट खडकामागे दिसेनासं होत गेलं. टॉवरवाल्याचं घोरणं थांबलं आणि पुन्हा सुरू झालं. कवळीवाल्यांनी पावाचा तुकडा तोंडात टाकला, सावकाश चावला, गिळला.

"तिकडे म्हाताऱ्यांचे दात पडतात का गं?" त्यांनी विचारलं.

बुटकीने बापाकडे बघितलं. "पडत असतील की. सगळीकडे पडतात."

"दुकानाला जागा मिळेल?"

"बघता येईल."

"मग येतो मी."

तिने मान हलवली आणि उरलेलं अंडं त्यांच्यापुढे धरलं. आनंद दोघांपैकी कोणालाच झाला नव्हता, आणि तो झाल्यासारखं दाखवायची गरजही कोणाला पडली नाही.