पन्नास मीटर आणि एक मूठ

नऊ वर्षं सरकारच्या लेखी मी तंबाखू विकतच नव्हते. आमच्या कायद्यात तंबाखू म्हणजे झाडाचं पान. माझ्या दुकानातल्या ई-सिगारेटचा अर्क प्रयोगशाळेत बनतो, पानाशी त्याचा काडीचा संबंध नाही. मग या वसंतात राजधानीतल्या, सोलच्या साहेबांना जाग आली. नव्या मसुद्यात माझा अर्कही तंबाखू झाला आणि तंबाखूच्या दोन दुकानांत पन्नास मीटर अंतर हवं, हा जुना नियम मलाही चिकटला. समोरच्या चोवीस तास उघड्या दुकानात भिंतभर सिगारेटी आहेत. ते माझ्यापासून बेचाळीस मीटरवर, आणि माझ्याआधीचं. म्हणजे गाशा गुंडाळायचा मी, आठ मीटरांपायी.

पण आमचं सरकार मनमानी करत नाही हं! आधी जनतेचं मत ऐकून घेतं.

कचेरीत त्यासाठी सभा होती. मी दोन पानं लिहून नेली. गिऱ्हाइकाचं वय तपासा, अर्क तपासा, बाटलीत काय आहे ते छापा, कोपऱ्यावरच्या ई-सिगारेट विकणाऱ्या बिनमाणसाच्या मशीनला आधी टाळं लावा. फक्त जुन्या दुकानांना अंतराची सूट द्या. सोबत ओक काका होते. ते टॅक्सी चालवतात आणि माझ्या दुकानामुळे सिगारेटची रोजची दोन पाकिटं सुटली, असं गावभर सांगत फिरतात.

विभागप्रमुखांचं आडनाव ना. पण या ना साहेबांच्या तोंडून ‘ना’ कधी निघत नाही.

“तीन मिनिटं हं, ताई,” ते म्हणाले.

मी मशीनचं सांगितलं. “हो हो, फार महत्त्वाचं.” अंतराचं सांगितलं. “हो हो, नोंद घेतो.”

“साहेब, पेनचं टोपण तरी काढा!” ओक काका मागून ओरडले.

“डोक्यात नोंदवतोय, काका.”

“मग तर गेलंच ते!”

सभा हसली. ना साहेब सगळ्यांत मोठ्यांदा हसले आणि घंटा वाजली. पन्नाशी उलटलेल्या बाईला आता कोण कामावर ठेवणार, हे मी दुसऱ्या पानाच्या शेवटी लिहिलं होतं. तिथवर पोचलेच नाही. रडू यायला लागलं होतं, त्याचा आणखी राग आला.

“चला, फोटो! सगळे इकडे या!” ना साहेबांनी मला पुढच्या रांगेत ओढलं. डोक्यावर फलक होता, ‘जनतेसोबत घडवूया निरोगी उद्या’. फोटोवाला म्हणाला, “एक, दोन, तीन, फायटिंग!”

फायटिंग म्हणजे ‘लढा, हिंमत धरा!’. आता आमच्याकडे परीक्षेला जाताना फायटिंग, ऑपरेशनला जाताना फायटिंग, नोकरीवरून काढलं तरी निरोपाच्या जेवणात फायटिंग. ते ऐकलं की मूठ वर जाते आणि तोंड हसतं, डोक्याला कुणी विचारत नाही. माझी मूठ गेली वर.

दोन महिन्यांनी कचेरीचा माणूस दुकानाच्या काचेवर नोटीस चिकटवून गेला. तीस दिवसांत दुकान बंद. वर ठळक अक्षरांत, ‘नागरिकांनी उत्साहाने पाठिंबा दिलेला नियम’. खाली तोच फोटो. पहिल्या रांगेत मी, सगळे दात दाखवत, आणि माझी मूठ ना साहेबांच्याही वर.

“फाडू नका हं, ताई,” तो जाता जाता म्हणाला. “दंड आहे.”

तिसाव्या दिवशी मी रिकामी फडताळं पुसत होते. ओक काका आले, काचेवरची नोटीस वाचू लागले.

“फोटो झकास आलाय गं तुझा.”

“काका, आता तुमचं काय?”

“बघतो.”

त्यांनी रस्ता ओलांडला, समोरच्या दुकानात शिरले आणि पाकीट घेऊन बाहेर आले. मोजून बेचाळीस मीटर. मी बघतेय हे त्यांना दिसलं. ओशाळले बिचारे, आणि तिथूनच मूठ उंचावून ओरडले, “फायटिंग!”

आणि फडक्यासकट माझी मूठ पुन्हा वर गेली.